मिस्त्रीचे तीन

डोंगरावरच्या केंद्रात सकाळची पाळी आली की पहिला प्रश्न ठरलेला असे. "चहा आला का?" हा दुसरा. पहिला, "मिस्त्रीचे तीन वजा केले का?"

विचारणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नसे, उत्तर देणाऱ्यालाही नाही. "केले, केले," म्हणत तो जांभई देई. यंत्रांच्या खोलीत भिंतीवर काळा फळा होता आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेलं असे: मिस्त्री, वजा तीन. अक्षरं पुसट झाली की कुणीतरी ती पुन्हा गिरवी. नवा माणूस कामावर आला की त्याला आधी हात धुवायची जागा दाखवत, मग हा फळा. आणि ज्याच्या नावाने हे सगळं चाले तो मिस्त्री त्याच खोलीच्या दाराशी, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन, स्टुलावर बसलेला असे. त्याच्याकडे कुणी बघत नसे. मुद्दाम टाळत होते असं नव्हे. दारामागच्या खुंटीकडे तरी आपण रोज कुठे बघतो?

हे तीन कसले, ते आधी कळायला हवं.

केंद्रात एक कर्णा होता. कमी ऐकू येणारी म्हातारी माणसं कानाला लावायची तसाच, फक्त घराएवढा, पत्र्याचा, आणि तोंड आकाशाकडे केलेला. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांकडून परत येणारे संदेश त्याने ऐकायचे. ते संदेश इतके अशक्त, की मधली खरखर किती आणि कुणाची हे पक्कं ठाऊक नसेल तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून ही मंडळी खरखर मोजत, आणि मोजत तीही अंशांत, आजारी माणसाची कणकण मोजावी तशी. ज्याच्याखाली थंडीच उरत नाही, त्या तळापासून वर मोजायचं. इतके अंश हवेचे, इतके यंत्राचे, इतके जमिनीकडून येणारे. सगळ्यांची बेरीज आणि प्रत्यक्ष ऐकू येणारी खरखर जुळायला हवी. ती जुळत नव्हती. तीन अंश उरत. उन्हाळ्यात मोजा, थंडीत मोजा, कर्णा शहराकडे वळवा नाहीतर शहराकडे पाठ करा, तीन आपले तिथेच. जेवून उठलेल्या पाहुण्यासारखे, निघायचं नाव नाही.

ते तीन मिस्त्रीच्या नावावर चढले, आणि मग त्याच्या अंगावरून उतरलेच नाहीत.

मिस्त्री मूळचा डोंगराखालच्या गल्लीतला. तिथे एका तांबटाच्या दुकानात तो काम शिकला. ह्या तांबटाला सगळे वस्ताद म्हणत. वस्तादांची जोड तपासायची एकच रीत होती. डोळे मिटायचे आणि अंगठा जोडावरून फिरवायचा. "डोळा लबाड असतो," ते म्हणत, "चकाकी दिसली की भाळतो. अंगठा भाळत नाही." जोड कच्चा लागला तर एक शब्द न बोलता हातोडीने तो मोडायचे आणि भांडं परत पुढ्यात टाकायचे. मिस्त्रीने किती भांडी अशी परत झेलली असतील, देव जाणे. मग एक दिवस त्याने एका किटलीची तोटी जोडली. अंगठा फिरला, थांबला, पुन्हा उलटा फिरला. हातोडी जागची हलली नाही. "ठेव तिकडे," वस्ताद म्हणाले. त्या दुकानात याहून मोठी शाबासकी कुणी ऐकलेली नव्हती.

पुढे त्याच वस्तादांनी आपली मुलगी त्याला दिली. गल्लीत बोललं गेलं, "वस्तादांनी घर बघितलं नाही, दार बघितलं नाही, हात बघून मुलगी दिली." नवी नवरी हे वाक्य शेजारणींना इतक्यांदा ऐकवी, की ती पाणी भरायला आली की त्या आधीच म्हणत, "हो गं बाई, हात बघून." ती किटली ती सासरी घेऊन आली होती. चहा त्यातच व्हायचा.

कर्णा बांधायला निघाला तेव्हा केंद्राच्या मोठ्या साहेबांनी चांगल्या हाताचा माणूस शोधला आणि मिस्त्री डोंगरावर गेला. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला, जिथून तो यंत्रांच्या खोलीत उतरतो, तिथे पितळी नळ्यांचा घसा होता. तिथले जोड जरा कुठे उणे राहिले तर तिथूनच खरखर उठायची. मिस्त्रीने ते असे केले, की साहेब पाहुण्यांना मुद्दाम आत नेऊन दाखवत. "ह्याला म्हणतात जोड. सांगा बरं, कुठे सुरू होतो?" पाहुणे वाकून बघत आणि मान हलवत. मिस्त्री मागे उभा राहून आपले हात पाठीमागे लपवी, न जाणो कुणी तेही बघायला मागायचं.

मग कर्णा सुरू झाला, आणि तीन उरले.

मोठे साहेब म्हणजे देखणा माणूस. आवाज असा, की पत्ता विचारला तरी भाषण वाटावं. रेडिओवर दर आठवड्याला ते आकाशाविषयी बोलत आणि लोक हातातलं काम टाकून ऐकत. त्या काळात विश्वाविषयी दोन तट पडलेले होते. दूरदूरच्या दीर्घिका एकमेकींपासून लांब चालल्यात, एवढं दोन्ही तटांना मान्य होतं. ते दुर्बिणीतून दिसलंच होतं. एक तट म्हणे, लांब चालल्यात ना, मग मागे मागे जा, म्हणजे एके काळी सगळं एकत्र, दाट आणि तापलेलं असलं पाहिजे; तिथून विश्व सुरू झालं. ही कल्पना पहिल्यांदा मांडणाऱ्यांत एक गणितज्ञ धर्मगुरूही होता, त्यामुळे पुष्कळांना तिचा संशयच यायचा. दुसरा तट म्हणे, छे, विश्व होतं तसंच आहे आणि तसंच राहणार. दीर्घिका पांगतात, मधल्या मोकळ्या जागेत कणाकणाने नवं द्रव्य तयार होतं, इतकं हळू की कुणाला पत्ता लागत नाही. ना सुरुवात, ना शेवट.

साहेब ह्या दुसऱ्या तटाचे, आणि कडवे. "जन्म म्हटला की सुईण आली," ते रेडिओवर म्हणत, "आणि सुईण म्हटली की तिची बिदागी आली. आम्हाला नको. आमचं विश्व कुणाच्या पोटचं नाही." पहिल्या तटाला ते फटाकेवाले म्हणत. त्या तटाच्या सिद्धान्ताला 'महास्फोट' हे नावसुद्धा विरोधकांतल्याच एकाने रेडिओवर बोलताना दिलेलं. तो चेष्टेने म्हणाला की सहज, यावर लोक वाद घालत; नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

केंद्रात एक तरुण अभियंता होता. जाड भिंगांमुळे सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. एकदा फळ्यासमोर सगळे डोकं धरून बसलेले असताना तो चाचरत म्हणाला, "साहेब, एक विचारू? विश्व समजा खरंच तापलेलं होतं, तर ती ऊब पार जाणार नाही. निवत निवत थोडीशी उरेलच. असं काही जणांनी गणित करून म्हटलंयही. आणि ती उरलेली ऊब सगळीकडून सारखी येईल. म्हणजे कर्णा कुठेही वळवला तरी..."

"वा!" साहेब म्हणाले. "म्हणजे विश्व जन्माला आलं, आणि त्याची पहिली उचकी आमच्या कर्ण्यात अडकून बसली!"

खोली हसली. चष्मेवालाही थोडा हसला, कारण न हसून सांगतो कुणाला.

"अहो, कुठेही वळवलं तरी सारखंच," साहेब पुढे म्हणाले, "याचा सरळ अर्थ असा, की दोष आकाशात नाही, कर्ण्यात आहे. आणि कर्ण्यात काय आहे? पत्रा आणि जोड. पत्रा कारखान्यातून आलाय. मिस्त्रीला बोलवा."

तर्क काही अगदीच वेडगळ नव्हता. वेडगळ असता तर मिस्त्री कदाचित वाचला असता.

त्याला घशातले जोड सोडवून पुन्हा करायला लावले. केले. तीन तसेच. पुन्हा सोडवले, स्पिरिटने पुसले, पुन्हा केले. तीन तसेच. उन्हाने तापलेल्या कर्ण्यात तो पोटावर सरपटत जायचा आणि बाहेर आला की गुडघे सोललेले, तोंड लाल, डोळे मिचमिचे. दाराशी पाळीवरचा एखादा उभाच असायचा. "काय मिस्त्री, सापडली का खरखर? की खिशात घालून घरी नेताय?" दुसरा म्हणायचा, "घरी नेली तर वहिनी झोपू देणार नाहीत." आधी तो हसायचा. मग ऐकून घ्यायचा. मग आत जातानाच वाटायचं, सापडू दे बाबा एकदाची. स्वतःच्याच जोडात चूक सापडावी म्हणून तो तळमळू लागला. माणसाला रोज कुणी म्हटलं, की तुझ्या हाताला वास येतो, तर जेवताना तोही हात हुंगू लागतो.

आणि अंगठा? अंगठा त्याने फिरवला होता. डोळे मिटून, प्रत्येक वेळी. अंगठा दर वेळी एकच म्हणाला, पण अंगठ्याचं ऐकायला तिथे होतं कोण?

परदेशी तज्ज्ञांचं पथक पाहणीला यायच्या आदल्या दिवशी साहेबांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं, बसायला खुर्ची दिली. मिस्त्री तेव्हाच घाबरला.

"घरी नवा पाहुणा येणार म्हणे? छान. बाईंची काळजी घ्या." साहेबांनी पेपरवेट फिरवला. "उद्या ही माणसं विचारतील, तीन कुठले? मी काय सांगू? गणित चुकलं? गणित मी केलंय."

"नाही साहेब."

"नाही ना? मग कुणीतरी म्हटलं पाहिजे, की अमुक ठिकाणी राहून गेलं. तसं म्हटलं की ते वजा करता येतात. प्रश्न मिटला. तुम्ही म्हणालात तर तुमची जागा इथे राहील, देखभालीला. नाही म्हणालात तर..." त्यांनी पेपरवेट थांबवला. "मला दुसरा माणूस बघावा लागेल. नाइलाज आहे हो."

"पण साहेब, राहिलंय का खरंच?"

"तुम्हाला काय वाटतं?"

मिस्त्रीने आपल्या हातांकडे बघितलं. चटक्यांचे डाग, सोललेली बोटं. असे हात असलेल्या माणसाचं काही राहून गेलं नसेल, असं छातीठोक कोण सांगणार?

"राहिलं असेल, साहेब," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर, सगळ्या पाळ्यांच्या माणसांसमोर त्याने तेच थोडं बदलून म्हटलं. "दोष माझ्या जोडात आहे." पथकाचा प्रमुख म्हणाला, "प्रामाणिक माणूस आहे." साहेबांनी स्वतः खडू उचलून फळ्यावर लिहिलं, मिस्त्री, वजा तीन. बेरीज जुळली. जेवणं झाली.

बातमीला पाय असतात, आणि ते पाय उतारावर जरा जोरातच धावतात. मिस्त्री डोंगर उतरायच्या आत ती गल्लीत पोचली होती. सुटीच्या दिवशी तो नेहमीसारखा वस्तादांच्या दुकानात गेला आणि सवयीने हातोडी उचलली. वस्तादांनी ती हळूच त्याच्या हातातून काढून घेतली. आजवर ते त्याला अरेतुरे करत, शिव्याही देत. त्या दिवशी त्यांनी खुर्ची झटकली. "बसा जावईबापू. घरच्या पाहुण्याने काम करायचं नसतं."

पुढे तो जेव्हा जेव्हा गेला तेव्हा ती खुर्ची झटकलेली असे. तुम्ही काय घेणार, तुम्हाला ऊन लागत नाही ना. शिव्यांसाठी त्याचा जीव आसुसला, पण मान काही संपेना.

बायकोकडे मान-बिन काही नव्हता. "आबांनी हात बघून दिली म्हणे," ती भाकरी थापावी तसा एकेक शब्द थापून म्हणे. "त्या दिवशी भट्टीचा धूर गेला असेल डोळ्यांत." शेजारणींसमोर ते जुनं वाक्य तिने बंद केलं, आणि न बोललेलं वाक्य आतल्या आत आंबत गेलं. नळ गळला, खुर्ची डुगडुगली, दिवा मिणमिणला, की ती त्याच्याकडे नुसतं बघे. मुलगी झाली. पोरीची छाती भरायची, श्वास घेताना घरघरायची. बायको तिला पालथी घालून पाठीवर थोपटत म्हणाली, "रडू नको गं. खरखर बापाकडून आलीय, माझ्या माहेरची नाही."

एकदा किटलीचा तळ झिरपू लागला. तोटी शाबूत होती, तळाचा जुना जोड सुटला होता. मिस्त्री म्हणाला, "दे इकडे, करून देतो."

"राहू द्या." तिने किटली फडक्यात गुंडाळली. "परत तीन राहिले तर?"

आणि ती बसने वडिलांच्या दुकानात गेली. परत आल्यावर चहा तिने त्यातच केला, पहिला कप त्यालाच दिला. चांगला झाला होता चहा.

वर्षं गेली. मिस्त्रीचे तीन रोज वजा होत राहिले. आणि मग एका सकाळी चष्मेवाला धावत आला. तो आता काही तरुण राहिला नव्हता, पण धावला. त्याच्या हातात वर्तमानपत्र होतं.

"मिस्त्री! अहो, जोड पक्का होता!"

दुसऱ्या एका देशात दोघा जणांना अशाच एका कर्ण्यात अशीच खरखर ऐकू आली होती. तेवढीच, आणि सगळ्या दिशांनी तेवढीच. ती कर्ण्याची नव्हतीच. एके काळी सगळं विश्व दाट आणि तापलेलं होतं, त्या वेळची ऊब फैलावत, निवत निवत एवढी उरली होती. फटाकेवाल्यांनी सांगितलं होतं तेच. चष्मेवाल्याने हे सगळं त्याला भराभर समजावलं. मिस्त्रीला त्यातलं फार कळलं नाही, पण एवढं कळलं, की जे आपल्या नावावर आहे ते आपल्या आज्याच्या, पणज्याच्या, अख्ख्या पृथ्वीच्याही आधीचं आहे.

"म्हणजे माझं नाही," तो म्हणाला.

"तुमचं कसं असेल?"

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "पेपरात तुमचं नाव आहे?"

"नाही."

"मग?" थोड्या वेळाने तिनेच पुढे म्हटलं, आणि आवाज इतक्या वर्षांत पहिल्यांदा जरा खाली आला होता. "ज्या तोंडाने कच्चा म्हटलं, त्या तोंडाने पक्का म्हणू दे. एकदाच. मी आबांना घेऊन येते ऐकायला."

मिस्त्रीने तेवढंच धरून ठेवलं. साहेबांच्या तोंडून एकदा.

साहेबांनी सुरुवातीला ती बातमी झटकली, "मोजण्यात चूक असेल, त्यांच्याकडेही मिस्त्री असतीलच." मग जगभरातून तसेच आकडे येऊ लागले, त्यांच्या तटातले एकेक जण गप्प झाले, काही मात्र मरेपर्यंत हटले नाहीत. साहेब शहाणे. एका आठवड्यात रेडिओवर ते विश्वाच्या जन्माविषयी असे गहिवरून बोलले, की जणू बाळंतपण त्यांच्याच हाताने झालं होतं.

मिस्त्री त्यांच्या खोलीत गेला, या वेळी न बोलावता. खुर्ची मिळाली नाही.

"साहेब, ते जोडाचं... तुम्ही एक शब्द बोलला असतात तर."

"बोलणार ना," साहेब म्हणाले. "माझ्या निरोप समारंभात बोलणारच आहे मी. घरच्यांना घेऊन या. सगळ्यांना."

पोर शेजारणीकडे ठेवून तो बायकोला आणि वस्तादांना घेऊन आला. वस्तादांचे डोळे आता अधू झाले होते आणि हात कापत होते. मुलीच्या खांद्याला धरून ते डोंगर चढले. बायकोने ठेवणीतले कपडे घातले होते. समारंभ यंत्रांच्या खोलीतच होता, फळ्यासमोर. मिस्त्रीचं स्टूल कुणीतरी हार ठेवायला घेतलं होतं, म्हणून तो उभा राहिला.

साहेब बोलायला उठले.

"मित्रहो, आज एक गुपित सांगतो. विश्वाच्या जन्माची ही ऊब त्या दोघांना सापडली, त्याच्या आधी ती आपल्याकडे होती. इथे. ह्या खोलीत." टाळ्या झाल्या. मिस्त्रीने बायकोकडे बघितलं. तिने वस्तादांचा हात दाबला. "त्यांचा कर्णा आपल्यासारखाच. त्यांचीही खरखर जाईना. त्यांनीही पुसलं, घासलं, कर्ण्यात राहणारी कबुतरं हाकलली. मग फरक कुठे पडला? फरक एवढाच, की त्यांच्याकडे आपल्यासारखा मिस्त्री नव्हता."

हशा पिकला.

"खरं सांगतो. तिथे कुणी पुढे येऊन म्हणालं नाही, की दोष माझा. म्हणून त्यांना शोधत राहावं लागलं. आमचे मिस्त्री मात्र भले गृहस्थ. आले आणि म्हणाले, माझाच जोड कच्चा. आम्ही विश्वास ठेवला! विश्वाचा जन्म ह्या मुठीत होता, मित्रहो, आणि एका कबुलीने तो निसटला."

सगळे मिस्त्रीकडे वळून बघू लागले. इतक्या वर्षांत इतक्या माणसांनी त्याच्याकडे एकदम कधी बघितलं नव्हतं. चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि तो पुसत बसला. पुढचा मोठा साहेब तोच व्हायचा होता.

तेवढ्यात बायको उभी राहिली. तांबटाची मुलगी, लाजणं तिला फारसं शिकवलेलंच नव्हतं. "साहेब, एवढंच सांगा. जोड पक्का होता ना?"

साहेब हसले. हसणं त्यांना शोभायचं. "पक्काच होता, बाई. जोड पक्का होता, माणूस कच्चा निघाला."

मग त्यांनी डस्टर घेऊन फळ्याच्या कोपऱ्यातला मिस्त्री पुसला आणि तिथे वळणदार अक्षरात विश्व असं लिहिलं. वजा तीन तसेच राहू दिले. संदेश ऐकायचे तर ते वजा करावेच लागणार होते. टाळ्या थांबेनात.

चहा सुरू झाला तेव्हा वस्ताद म्हणाले, "मला तो जोड दाखवा."

मिस्त्रीने त्यांना हाताला धरून घशापाशी नेलं, बायको मागोमाग आली. त्यांनी डोळे मिटले, तसेही ते फारसे उपयोगाचे नव्हते. कापणारा अंगठा पितळेला लागला आणि कापायचा थांबला. तो जोडावरून फिरला, थांबला, पुन्हा उलटा फिरला.

"हे तू केलंस?"

तू. इतक्या वर्षांनी. "हो, वस्ताद."

"अंगठा लावून बघितलं होतंस?"

"दर वेळी."

"मग काय म्हणाला अंगठा?"

मिस्त्री पितळेकडे बघू लागला.

"मी विचारतोय काहीतरी."

"पक्का म्हणाला. पण सगळेच जण..."

वस्तादांनी अंगठा काढून घेतला आणि सदऱ्याला पुसला. "कच्चा जोड मोडता येतो, परत करता येतो. माझेही राहिलेत की पुष्कळ. इतकी वर्षं मला वाटायचं, पोराचा हात चुकला. चुकतो, माणूस आहे. वाईट वाटायचं, पण झोप लागायची." ते दाराकडे वळले. "हात चुकलाच नव्हता म्हणायचा." दारापर्यंत जाऊन त्यांनी खांदा धरायला हात पुढे केला, तो मुलीसाठी. "चला जावईबापू. तुमच्या साहेबांचा चहा निवेल."

परतीच्या बसमधून वस्ताद उतरून गेल्यावर बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला तरी सांगायचं होतं. निदान मला. मी नसते बोलले तसं."

"मलाच खात्री नव्हती," तो म्हणाला.

"आत्ता तर म्हणालात, अंगठा दर वेळी..." तिने वाक्य सोडून दिलं. सोडून दिलेलं वाक्य त्याला तिच्या जुन्या सगळ्या वाक्यांहून जड गेलं.

काही महिन्यांनी वस्तादांनी दुकान बंद केलं. हात ऐकत नव्हते. त्यानंतर थोड्याच दिवसांत किटली पुन्हा झिरपू लागली. बायकोने ती पुसली, ओट्यावर ठेवली, पुन्हा उचलली, आणि शेवटी त्याच्यासमोर आणून ठेवली.

मिस्त्रीने पिशवीतून हत्यारं काढली. जुना जोड सोडवला, जागा घासून लख्ख केली, सोल्डर वितळून कडेकडेने कसं पळतं ते बघत राहिला. घाई केली नाही. निवल्यावर डोळे मिटून त्याने अंगठा फिरवला. बायको दारात उभी राहून त्याचा अंगठा बघत होती. तिला ती खूण लहानपणापासून ठाऊक होती. अंगठा थांबला नाही, अडला नाही.

तिने किटली घेतली, काठोकाठ पाणी भरलं आणि कोऱ्या कागदावर ठेवली. दोघं समोर बसून राहिले. कागदावर थेंब नाही. तिने किटली उचलली, तळाला तळवा लावून पाहिला, तो तिने त्याच्यापुढे धरला. कोरडा.

"गळत नाहीये," ती म्हणाली. इतक्या हळू, की तिलाच तिच्या आवाजाचं नवल वाटलं असेल. "बघा ना. अजिबात गळत नाहीये."

मिस्त्री हत्यारं पिशवीत भरत होता. त्याने वर बघितलं नाही.

"गळेल," तो म्हणाला.